पाटावर बसणाऱ्यानेच स्वयंपाक करायचा, तर बेत कसा ठरवावा?

पत्र डोंबिवलीहून आलंय. लिहिणारा मुलगा एकोणतीस वर्षांचा आहे. पत्र मोठं आहे, त्यातला कामाचा भाग इथे देते.

"नमस्कार मावशी. आमच्या घरी भाऊबिजेला दोन्ही बहिणी येतात. ताई नाशिकहून, भाऊजी आणि दोन मुलांना घेऊन (एक नऊ वर्षांचा, एक पाच). धाकटी पुण्याहून. आई, बाबा, मी धरून आठ जण. दरवर्षी सगळा स्वयंपाक आई करते. यंदा तिचं मनगट मोडलंय, प्लास्टर आहे, म्हणून मी करायचं ठरवलंय. रोजचा वरण-भात, भाजी, पोळ्या मला येतात. आईने यादी सांगितली ती अशी : श्रीखंड, बासुंदी, पुऱ्या, मसालेभात, वरण-भात, बटाट्याची भाजी, मटार उसळ, भरली वांगी, अळूवडी, कोथिंबीर वडी, दोन कोशिंबिरी, कढी, पापड. जावई येणार म्हणून तिला काही कमी करायचं नाही. आमचं घर वन बीएचके, गॅसला दोन शेगड्या, एक पाच लिटरचा कुकर. बाबांना मधुमेह आहे, त्यांना साडेसातला जेवावं लागतं. धाकटीचा जीव आईच्या अळूवडीत आहे. आणि आणखी एक, भाऊबिजेला भावाने रांधलेलं चालतं का? शेजारच्या काकू म्हणाल्या, बहिणीच्या हातचं जेवायचं असतं."

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे तुझ्या मनातला तो काटा निघेल. भाऊबिजेला यमद्वितीया म्हणतात. यम यमुनेच्या घरी जेवायला गेला, तिने त्याला ओवाळलं, अशी ती कथा आहे. कथेत भाऊ बहिणीकडे जातो, त्यामुळे काकू म्हणतात ते काही चूक नाही. पण बहिणींनी भाऊबिजेला माहेरी यायचं हीही आपल्याकडची तितकीच जुनी रीत आहे, आणि माहेरी आलेल्या मुलीने ओट्याशी उभं राहावं असं कोणत्याच आईला वाटत नाही. आजवर आईने रांधलं, यंदा तू रांधतोस. निःशंक मनाने कर.

आता बेताकडे येऊ. आईच्या यादीत चौदा पदार्थ आहेत. आई ते करत आली, कारण तिच्या हातांना तीस-पस्तीस वर्षांची सवय आहे आणि त्या दिवशी पाटावर तिला बसायचं नसतं. तुझी गोष्ट वेगळी आहे. स्वयंपाक करणाराही तूच आणि ओवाळून घेणाराही तूच. बहिणी तबक घेऊन उभ्या आहेत, निरांजन लावलंय, आणि तू आतून ओरडतोयस "दोनच मिनिटं, तळण उतरवतो", असं व्हायला नको. म्हणून बेत ठरवताना पहिली अट ही : ओवाळणीच्या वेळी दोन्ही शेगड्या बंद. दुसरी अट : जेवायला सगळे बसतील तेव्हा तूही त्यांच्याबरोबर बसशील.

या दुसऱ्या अटीबद्दल मी हट्टी आहे, आणि त्याला कारण आहे. खूप वर्षांपूर्वी माझा भाऊ भाऊबिजेला माझ्याकडे आला होता. त्याला नऊच्या गाडीने परत जायचं होतं. मी गरम पुरीच वाढायची असं मनाशी धरून बसले. एक पुरी लाटायची, सोडायची, पळत बाहेर नेऊन वाढायची, परत आत. माझी शेवटची पुरी कढईत फुगत होती तेव्हा तो हात धुऊन चपला घालत होता. जेवण छान झालं म्हणाला. त्या संपूर्ण संध्याकाळी आम्ही दोघं एकमेकांशी धड पाच वाक्यं बोललो नव्हतो. ती पुरी मी गॅस बंद करून तशीच तेलात राहू दिली. आज तो आठवला की जेवण आठवत नाही, ती चपला घालणारी पाठ आठवते.

तर तू यादी अशी पाहा. कोणता पदार्थ गरमच लागतो, कोणता कोमट किंवा निवलेला चालतो आणि कोणता गारच हवा? गरमच हवं ते फक्त दोन : मसालेभात आणि वरण. निवलेलं चालतं ते बटाट्याची भाजी, अळूवडी, पुरी. गारच हवं ते श्रीखंड, मठ्ठा, कोशिंबीर. पुरी गरम नको का, असं तुला वाटेल. पण ती श्रीखंडाशी खायची आहे. गार श्रीखंडात बुडवलेल्या पुरीची ऊब कोण शोधतो? पीठ घट्ट भिजवून त्यात थोडा रवा घातला, तर पुरी अर्धा-पाऊण तास चांगली राहते.

यादीतलं काय गाळायचं ते सांगते. बासुंदी गाळ, एका ताटात दोन पक्वान्नं नकोत. त्यातून चार दिवस घरात लाडू, करंज्या, शंकरपाळे चालूच असतात. गोडाला जीभ कंटाळलेली असते. म्हणूनच मी श्रीखंड ठेवलं, त्याला अंगचा आंबटपणा आहे, ते आदल्या दिवशी होतं आणि त्याला शेगडी लागत नाही. मटार उसळ गाळ. दिवाळीत मटार अजून महाग असतो आणि शेंगेत दाणाही भरलेला नसतो, तो थंडी पडल्यावर खावा. भरली वांगी एरवी कर, रविवारी. कोथिंबीर वडी आणि अळूवडी या सख्ख्या बहिणी, दोघींना एकाच दिवशी बोलवायचं कारण नाही. कढीऐवजी मठ्ठा. पापड नको, फराळातली चकली ताटात ठेव, ती कुरकुरीतपणाचं काम चोख करते. कोशिंबीर एकच, खमंग काकडी.

राहिलं ते ताट असं दिसेल. डाव्या बाजूला मीठ, लिंबाची फोड, ओल्या खोबऱ्याची हिरवी चटणी, खमंग काकडी, आईने घातलेलं लोणचं आणि ती चकली. उजव्या बाजूला बटाट्याची पिवळी भाजी, दोन अळूवड्या, श्रीखंडाची वाटी. मधे वरण-भाताची छोटी मूद, वर तूप. पुऱ्या. मग मसालेभात आणि मठ्ठा. आईला हे ताट एकदा कागदावर काढून दाखव. पदार्थांची संख्या मोजली की तिला कमी वाटेल. ताट पाहिलं की वाटणार नाही, कारण डावं-उजवं दोन्ही भरलेलं आहे. चारी ठाव जेवण तिच्या मनात आहे ते हेच.

आता खोलात जाऊ. श्रीखंडासाठी सहाशे ग्रॅम चक्का पुरे, साखर साडेचारशे ग्रॅमपर्यंत. चक्का लक्ष्मीपूजनाच्या आधीच डेअरीत सांगून ठेव, दिवाळीत ऐनवेळी मिळत नाही. घरीच करायचा तर दोन लिटर म्हशीच्या दुधाचं दही लावून फडक्यात बांध. साधारण तेवढा चक्का पडतो, थोडा कमी-जास्त. ऑक्टोबरच्या उकाड्यात दही बाहेर रात्रभर टांगलं तर आंबट होतं, म्हणून फडकं चाळणीत ठेवून, खाली पातेलं धरून फ्रीजमध्ये निथळू दे. पाडव्याच्या दुपारी चक्क्यात साखर कालव आणि दोन तास झाकून ठेव. साखर विरघळली की पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून काढ. मिक्सरला लावू नकोस, पातळ होतं. वेलची, थोडं जायफळ, दुधात चुरलेलं केशर. साखर आधी चारशेच घाल, चाखून मग पुढचं. आंबटपणा मारून टाकलास तर लाडवात आणि त्यात फरक राहणार नाही.

अळूवडीला मी थोडी जास्त जागा देते, कारण या ताटातली एकच गोष्ट कोणाची तरी वाट पाहून आहे. पाडव्याच्या सकाळी काळ्या देठांची दहा-बारा पानं आण. वडीचं अळू असंच सांगून माग, भाजीचं वेगळं असतं. पानं पुसून उलटी ठेव, देठ काप आणि मागच्या जाड शिरांवरून लाटणं दाबून फिरव, म्हणजे गुंडाळताना पान फाटणार नाही. हाताला तेल लाव, नाहीतर खाज सुटते. दोन वाट्या बेसन, चार चमचे तांदळाचं पीठ, चिंचेचा दाट कोळ, गूळ, तिखट, हळद, हिंग, तीळ, गोडा मसाला, मीठ. चिंचेत हात आखडता घेऊ नकोस, घशाला खाज लागू नये ती तिच्यामुळे. पीठ केवढं घट्ट, हे मी इथून सांगण्यात अर्थ नाही. आईला ओट्याजवळ खुर्ची दे. पिठात बोट बुडवून तिच्यासमोर धर. ती म्हणेल, "अजून थोडं पाणी", किंवा नुसती मान हलवेल. तिचा हात प्लास्टरमध्ये आहे, अंदाज नाही. सर्वांत मोठं पान खाली, मागची बाजू वर. त्यावर पीठ इतपतच पसरव की पानाचा हिरवा रंग पुसट दिसत राहील. त्यावर दुसरं पान उलट दिशेने, पुन्हा पीठ. तीन-चार पानं झाली की दोन्ही कडा आत दुमडून घट्ट गुंडाळ. असे तीन उंडे होतील. वीस-पंचवीस मिनिटं वाफव. पूर्ण निवल्याशिवाय कापू नकोस, पदर सुटतात. खरं तर त्या दिवशी कापूच नकोस, डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेव. भाऊबिजेच्या संध्याकाळी बोटाएवढ्या जाड वड्या कापून तव्यावर थोड्या तेलात, मोहरी-तिळाच्या फोडणीत दोन्ही बाजूंनी खरपूस परत. तळायच्या नाहीत. तळण एकच ठेवायचं, ते पुऱ्यांचं.

बाकीचं सोपं आहे. बटाटे एक किलो, सकाळी उकडून सोलून ठेव. खोबरं खवून, कोथिंबीर निवडून, आलं-मिरची वाटून हे सगळं सकाळीच. काकडी दुपारी चोच, पण मीठ, दाण्याचं कूट आणि लिंबू अगदी वाढायच्या वेळी, नाहीतर वाटीभर पाणी सुटतं. मठ्ठ्याला अर्धा लिटर दही. घुसळून आलं, कोथिंबीर, हिंग, मीठ, चिमूटभर साखर घालून फ्रीजमध्ये. पुऱ्यांना अर्धा किलो कणीक आणि दोन चमचे रवा, लहान लहान चाळीसेक होतात. वाण्याचं सामान आणि फळभाज्या लक्ष्मीपूजनाच्या आत घरात येऊ देत, कोथिंबीर-मिरची अळूच्या पानांबरोबर. भाऊबिजेच्या सकाळी पिशवी घेऊन बाहेर पडायची वेळ येता कामा नये.

संध्याकाळची वेळ चंद्रावरून ठरव. हे मुद्दाम सांगते, कारण बऱ्याच घरी आधी चंद्राला ओवाळतात आणि मग भावाला. बिजेची कोर सूर्य मावळल्यावर पश्चिमेला अगदी खाली दिसते आणि फार तर तास-दीड तासात तीही मावळते. तुमच्या भागात तेव्हा सूर्यास्त सहाच्या सुमाराला असतो. म्हणजे साडेसहाला गच्चीवर जायचं, चंद्राला ओवाळायचं, खाली येऊन तू पाटावर. इमारतींच्या आड कोर दिसली नाही तर तिच्यासाठी ताटकळू नका.

बहिणी दुपारी आल्या की चहा दे, फराळाचं ताट मात्र पुढे करू नकोस. त्याही डबे घेऊन येतील, "ही चकली बघ, ही करंजी बघ" करता करता सहा वाजतील आणि साडेसातला कोणाला भूक राहणार नाही. डबे कपाटावर ठेव, रात्री गप्पा मारताना उघडा. पाच वाजता एका शेगडीवर बटाट्याची भाजी, दुसऱ्यावर अळूवडी. त्या उतरल्या की कुकर : खाली तुरीची डाळ, वर मुदीपुरता तांदूळ, एक-एक वाटी. त्याच वेळी अर्धा किलो जुना कोलम तांदूळ धुऊन चाळणीत निथळत ठेव, पाव किलो तोंडली उभी चिरून ठेव आणि पुऱ्यांची कणीक भिजव. सव्वासहाला गॅस बंद. तोंड धू, स्वच्छ कपडे घाल.

ओवाळून झालं, बहिणींना ओवाळणी घालून झाली, की पावणेसातला पुन्हा आत. एका शेगडीवर मसालेभाताला जाड बुडाचं पातेलं, दुसरीवर तांदळाच्या दुप्पट पाण्याचं आधण. मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, मूठभर काजू, तोंडली, मग तांदूळ. तांदूळ सुटा वाजू लागेपर्यंत परतायचा. तीन चहाचे चमचे गोडा मसाला, मीठ आणि ते उकळतं आधण. गार पाणी घातलंस तर भात चिकट होईल. दाणा शिजत आला की आच मंद, वर झाकण. आधण उतरलं की त्या शेगडीवर कढई. चाळीस पुऱ्यांना एक लाटणारा आणि एक तळणारा असला तर वीस मिनिटं लागतात. लाटायला ताई येईल, तिला आडवू नकोस. पाटावरून उठून ती तुझ्याशेजारी उभी राहिली तर ते काम नसतं, तेवढ्याच वेळात तुम्ही दोघं एकटे बोलाल. भाऊजींना ताटं-वाट्या मांडायला सांग. आई "जावयाला कशाला" म्हणेल, पण त्या घरात गेली अनेक वर्षं येणाऱ्या माणसाला पाहुण्यासारखं कोपऱ्यात बसवून ठेवणं त्यालाही जड जात असेल. पुऱ्या संपल्या की कढई खाली, त्याच शेगडीवर वरणाला एक उकळी. भात तोवर दमावर मुरलेला असेल. वरून खोबरं, कोथिंबीर, तूप.

बाबांसाठी वेगळं "बिनसाखरेचं" ताट करू नकोस. डॉक्टरांनी त्यांना जे नेमून दिलंय ते पाळायचंच, आणि गोळीची वेळ चुकवायची नाही. म्हणूनच साडेसात ही वेळ पक्की धरली. पण पुरी, भात, बटाटा सगळं एका जातीचं आहे, तेव्हा त्यांच्या ताटात काकडी आणि वरण जास्त वाढ, पुरी एखादी, भात दोन घास. श्रीखंड डॉक्टरांना चालत असेल तर छोट्या वाटीत दोन चमचे. वाटी मात्र सगळ्यांसारखीच. गुडघे दुखत असतील तर त्यांना आणि आईला खुर्ची-टेबल, बाकीचे खाली. आईचा हात अडकलाय, तेव्हा तिच्या पुऱ्यांचे तुकडे आधीच करून ठेव. सगळ्यांसमोर भरवून घ्यायला तिला आवडणार नाही.

मुलांना मसालेभात तिखट लागेल, त्यांच्यासाठी वरण-भाताची मूद मोठी ठेव. पाच वर्षांचा बहुधा फक्त पुरी आणि श्रीखंड खाईल. खाऊ दे.

वाढताना सगळं एकदाच वाढून घे आणि पातेली मधोमध आणून ठेव. नंतर ज्याला लागेल तो घेईल, उठायचं कोणी नाही. काही खारट झालं, भात थोडा लागला, तर सांगत बसू नकोस आणि माफीही मागू नकोस. आईला कळेल, पण ती बोलणार नाही.

तीन उंड्यांपैकी एक न कापता तसाच बाजूला ठेव. धाकटी पुण्याला जायला निघेल तेव्हा तो केळीच्या पानात गुंडाळून तिच्या डब्यात दे. आणि तव्यावर किती वेळ ठेवायचा हे तिला आईकडून ऐकू दे.